स्थलांतरित सागरी कासवांचे संवर्धन : डहाणूच्या किनाऱ्यापासून आंतरराष्ट्रीय सहकार्यापर्यंत

सारांश

स्थलांतर करणारा प्राणी आयुष्यात अनेक राज्यांच्या आणि देशांच्या हद्दी ओलांडतो. त्याला संरक्षण देणारा कायदा मात्र हद्दीपाशी थांबतो. पालघर जिल्ह्यातील डहाणू येथे दर पावसाळ्यात जखमी सागरी कासवे किनाऱ्यास लागतात आणि त्यांच्यावर उपचार केले जातात. प्रस्तुत लेखात या उदाहरणाच्या आधारे स्थलांतरित वन्यजीवांसंबंधीची कायदेशीर व प्रशासकीय चौकट स्पष्ट केली आहे. आंतरराष्ट्रीय करारांचे यश तालुका पातळीवरील नोंदी, मच्छीमारांचा सहभाग आणि शेजारील राज्यांमधील समन्वय यांवर अवलंबून असते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : स्थलांतर, सागरी कासव, डहाणू, बॉन करार, सागरी प्रशासन, मच्छीमार.

१. प्रस्तावना

वन्यजीव संरक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अभयारण्य येते. एका ठराविक क्षेत्राला सीमा आखावी, तेथे शिकार व वृक्षतोड थांबवावी आणि प्राण्यांना निर्धास्त जगू द्यावे, ही त्यामागील कल्पना होय. वाघ, गवा किंवा शेकरू यांच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी उपयोगी पडते. परंतु जे प्राणी अन्न, प्रजनन अथवा ऋतुमान यांमुळे नियमितपणे दूरवर ये-जा करतात, त्यांच्याबाबत ही कल्पना अपुरी ठरते. प्रवासाच्या मार्गावरील एखादे ठिकाण जरी असुरक्षित राहिले, तरी उरलेल्या सर्व ठिकाणी घेतलेले कष्ट वाया जाऊ शकतात.

सागरी कासव हे याचे ठळक उदाहरण होय. मादी वाळूच्या किनाऱ्यावर अंडी घालते. पिल्ले समुद्रात शिरतात, अनेक वर्षे खुल्या समुद्रात भटकतात आणि प्रौढ झाल्यावर प्रजननासाठी पुन्हा किनाऱ्याकडे वळतात. या काळात त्यांचा संबंध वन विभाग, मत्स्यव्यवसाय विभाग, बंदर प्रशासन, तटरक्षक दल, शेजारची राज्ये आणि परदेश अशा अनेक यंत्रणांच्या कार्यक्षेत्रांशी येतो. कासव एकच असते, पण त्याची जबाबदारी अनेकांमध्ये विभागलेली असते. ही विभागणी कशी आहे आणि ती सांधण्यासाठी काय करता येईल, हे पाहणे हा या लेखाचा उद्देश आहे.

२. डहाणूचा किनारा व कासवे

डहाणू आणि तलासरी हे महाराष्ट्राच्या किनारपट्टीच्या उत्तर टोकाचे तालुके. चिंचणी, वरोर, वाढवण, धाकटी डहाणू, नरपड, बोर्डी ही डहाणू तालुक्यातील किनाऱ्यावरील गावे. तलासरी तालुक्यातील झाई हे गाव ओलांडले की गुजरातच्या वलसाड जिल्ह्यातील उंबरगाव तालुका लागतो आणि त्यापुढे दमण हा केंद्रशासित प्रदेश. म्हणजे अगदी थोड्या अंतरात तीन वेगवेगळी प्रशासने एकाच समुद्राला लागून आहेत. मच्छीमार बोटी, पाण्याचे प्रवाह आणि तुटलेली जाळी या तिन्ही हद्दींमधून सहज ये-जा करतात.

महाराष्ट्रात कासवांच्या विणीची प्रमुख ठिकाणे रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत आहेत. डहाणूचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात समुद्र खवळतो. जी कासवे आधीच जखमी किंवा अशक्त झालेली असतात, त्यांना लाटांविरुद्ध पोहणे जमत नाही व ती किनाऱ्यावर फेकली जातात. त्यांत ऑलिव्ह रिडले आणि हिरवे कासव यांचा समावेश असतो. क्वचित चोचीचे, म्हणजे हॉक्सबिल कासवही आढळते. अशा कासवांसाठी डहाणू येथे वन विभाग आणि ‘वाइल्डलाइफ कॉन्झर्वेशन अँड अॅनिमल वेल्फेअर असोसिएशन’ ही स्थानिक संस्था यांच्या सहकार्याने उपचार व पुनर्वसन केंद्र चालविले जाते. किनाऱ्यावर कासव दिसल्याची वर्दी ग्रामस्थ व मच्छीमार देतात आणि स्वयंसेवक त्यास केंद्रात आणतात.

येथे येणाऱ्या कासवांच्या दुखापती पाहिल्या तर समुद्रात काय घडत आहे याचा अंदाज येतो. समुद्रात सोडून दिलेल्या किंवा तुटून वाहत गेलेल्या नायलॉनच्या जाळ्यात वल्ह्यासारखे पाय अडकतात. दोरा मांसात रुतत जातो, रक्तपुरवठा थांबतो आणि अनेकदा तो पाय कापून काढावा लागतो. बोटीच्या पंख्यामुळे पाठीच्या कवचाला भेगा पडतात. कासव फुप्फुसाने श्वास घेणारा प्राणी असल्याने जाळ्यात पाण्याखाली अडकून राहिल्यास तो गुदमरतो. वाचलाच तर फुप्फुसात पाणी व जंतुसंसर्ग होऊन तो एका बाजूस कलून तरंगत राहतो आणि त्यास बुडी मारता येत नाही. बुडी मारता न येणाऱ्या कासवास अन्न मिळत नाही. प्लॅस्टिक गिळल्याने होणारे विकार वेगळेच.

या कासवांना बरे करणे हे मोलाचे काम आहे. तथापि उपचार हा दुखापतीनंतरचा उपाय आहे. जाळे कोठून आले, कोणत्या प्रकारचे होते, कासव कोणत्या भागात अडकले, या प्रश्नांची उत्तरे शोधून ती योग्य यंत्रणेपर्यंत पोहोचली नाहीत, तर पुढील पावसाळ्यात तशीच कासवे पुन्हा येत राहणार.

३. एक कासव, अनेक हद्दी

कासवांच्या प्रवासाची व्याप्ती किती मोठी आहे, हे गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात झालेल्या अभ्यासातून स्पष्ट झाले आहे. राज्याच्या कांदळवन कक्षाच्या सहकार्याने भारतीय वन्यजीव संस्थेने जानेवारी २०२२ पासून रत्नागिरी जिल्ह्यातील किनाऱ्यांवर अंडी घालण्यास आलेल्या ऑलिव्ह रिडले माद्यांच्या पाठीवर उपग्रहीय यंत्रे बसविली. वेळास येथील पहिल्या मादीचे नाव ‘प्रथमा’ ठेवण्यात आले. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागर येथे यंत्र बसविलेली ‘बागेश्री’ दक्षिणेकडे जात श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. उलट दिशेचा पुरावा २०२५ मध्ये मिळाला. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये पायाला धातूची पट्टी लावलेली एक मादी गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरील कासवे पूर्णपणे वेगळी आहेत, या समजुतीचा त्यामुळे फेरविचार करावा लागला.

या निष्कर्षांचा प्रशासनाशी थेट संबंध आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून वेळास येथे ग्रामस्थांना बरोबर घेऊन घरट्यांचे संरक्षण सुरू केले. अंडी चोरीस जाणाऱ्या किनाऱ्यांवर आज कासव महोत्सव भरतात. हे काम निःसंशय अनुकरणीय आहे. परंतु समुद्रात गेलेल्या पिल्लांपैकी फारच थोडी प्रौढ होतात आणि त्यासही दहा वर्षे किंवा अधिक काळ लागतो. म्हणून एका प्रौढ मादीचा मृत्यू हा शेकडो पिल्लांच्या संरक्षणावर पाणी फिरविणारा असतो. रत्नागिरीच्या वाळूत वाचविलेले कासव डहाणू, वलसाड किंवा श्रीलंकेच्या समुद्रात जाळ्यात गुदमरले, तर वेळासच्या ग्रामस्थांचे श्रम व्यर्थ जातात. घरट्याचे रक्षण आणि प्रौढ कासवाचे रक्षण ही एकाच कामाची दोन टोके आहेत. मात्र ती वेगवेगळ्या यंत्रणांच्या हाती आहेत.

४. देशांतर्गत कायदेशीर चौकट

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार भारतात आढळणाऱ्या पाचही सागरी कासवांना पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. त्यांना पकडणे, मारणे, त्यांची अंडी गोळा करणे किंवा मांसाचा व्यापार करणे हा गंभीर गुन्हा ठरतो. या कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०२१ मध्ये ‘राष्ट्रीय सागरी कासव कृती आराखडा २०२१-२०२६’ प्रसिद्ध केला. किनाऱ्यास लागणाऱ्या मोठ्या सागरी प्राण्यांबाबतची मार्गदर्शक तत्त्वेही त्याच वेळी प्रसिद्ध झाली.

कायदा कठोर असूनही अडचण कोठे येते? राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार ‘मत्स्यव्यवसाय’ हा राज्यसूचीतील विषय आहे, तर प्रादेशिक समुद्राच्या पलीकडील मासेमारी केंद्रसूचीत आहे. प्रादेशिक समुद्र किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, तर अनन्य आर्थिक क्षेत्र २०० सागरी मैलांपर्यंत असते. म्हणजे बारा मैलांच्या आत महाराष्ट्राचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा लागू. झाईच्या पुढे गुजरातचा कायदा. दमणसमोर केंद्रशासित प्रदेशाची व्यवस्था. आणि बारा मैलांच्या बाहेर केंद्र शासन. त्याखेरीज कासवाची जबाबदारी वन विभागाकडे आणि जाळ्याची जबाबदारी मत्स्यव्यवसाय विभागाकडे. कासव जाळ्यात अडकते त्या क्षणी दोन्ही विभागांचा संबंध येतो.

या दोन विभागांमधील दरी कमी करण्याचा एक चांगला प्रयत्न महाराष्ट्रात झाला आहे. डिसेंबर २०१८ मध्ये राज्य शासनाने असा निर्णय घेतला की, जाळ्यात अडकलेल्या संरक्षित सागरी प्राण्यास जाळे कापून जिवंत सोडणाऱ्या मच्छीमारास २५ हजार रुपयांपर्यंत नुकसानभरपाई द्यावी. मच्छीमाराने छायाचित्रे किंवा चित्रफीत पुरावा म्हणून सादर करावयाची असते. या योजनेचे महत्त्व केवळ पैशात नाही. जाळे हे लहान मच्छीमाराचे भांडवल असते. ते कापावे लागल्यास त्याच्या कुटुंबाचे काही दिवसांचे उत्पन्न बुडते. संवर्धनाचा खर्च त्या एकट्याने सोसावा, अशी अपेक्षा करणे न्याय्य नाही, हे तत्त्व शासनाने या निर्णयाद्वारे मान्य केले. शिवाय भरपाईच्या प्रत्येक अर्जाबरोबर कोणता प्राणी, कोठे आणि कोणत्या जाळ्यात सापडला याची विश्वसनीय माहिती शासनाकडे जमा होते. उपचार केंद्रातील नोंदी आणि ही माहिती एकत्र अभ्यासल्यास समुद्रातील धोक्याच्या जागा निश्चित करता येतील.

५. डहाणूतील पर्यावरणीय प्रशासनाचा अनुभव

डहाणू तालुक्याला पर्यावरणीय प्रशासनाचा असा अनुभव आहे, जो देशातील फार थोड्या तालुक्यांना आहे. २० जून १९९१ रोजी केंद्र शासनाने अधिसूचना काढून हा तालुका पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील घोषित केला आणि तालुक्यात व भोवतालच्या २५ किलोमीटरच्या पट्ट्यात उद्योगांवर निर्बंध घातले. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर १९९६ मधील आदेशानंतर डिसेंबर १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. १९९८ मध्ये या प्राधिकरणाने वाढवण येथील बंदराच्या तत्कालीन प्रस्तावास नकार दिला.

पुढे परिस्थिती बदलली. नव्या स्वरूपातील वाढवण बंदरास प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी अटींसह ना-हरकत दिली, फेब्रुवारी २०२४ मध्ये पर्यावरणविषयक मंजुरी मिळाली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. या प्रकल्पात समुद्रात भराव टाकून सुमारे १,४४८ हेक्टर जमीन तयार करावयाची आहे. शासनाच्या मते देशाच्या व्यापारासाठी हे बंदर आवश्यक आहे; किनाऱ्यावरील मच्छीमारांच्या संघटनांनी मासेमारीची ठिकाणे व उपजीविका जाईल या कारणाने त्यास सातत्याने विरोध केला आहे. या वादाचा निवाडा करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. मात्र स्थलांतरित प्राण्यांच्या दृष्टीने एक मुद्दा नोंदविणे आवश्यक आहे.

१९९१ च्या अधिसूचनेची रचना प्रामुख्याने जमिनीवरील उद्योग व जमीनवापर यांचा विचार करून झाली होती. मोठ्या बंदरामुळे होणारी जहाजांची वर्दळ, गाळउपसा, पाण्याखालील आवाज व रात्रीचा प्रकाश यांचे परिणाम मात्र समुद्रात आणि प्रकल्पाच्या सीमेबाहेर होतात. ज्या किनाऱ्यावर जखमी कासवे लागतात, त्याच किनाऱ्यावर हे बदल होणार असतील, तर कामाच्या आधीची, कामाच्या काळातील आणि नंतरची कासवांची नोंद तुलनेसाठी उपलब्ध असली पाहिजे. ही नोंद प्रकल्प चालविणाऱ्या यंत्रणेखेरीज स्वतंत्र संस्थेनेही ठेवावी आणि ती लोकांना पाहता यावी. अटी घालणे हा प्रशासनाचा आरंभ असतो. अटींचे पालन मोजता येणे हा त्याचा कस असतो.

६. आंतरराष्ट्रीय सहकार्याचे स्वरूप

स्थलांतरित वन्यप्राण्यांच्या संवर्धनासाठीचा प्रमुख करार १९७९ मध्ये जर्मनीतील बॉन शहरी झाला व १९८३ मध्ये अमलात आला. त्याच वर्षी भारत त्याचा सदस्य झाला. या कराराच्या पहिल्या परिशिष्टात नामशेष होण्याचा धोका असलेल्या जाती, तर दुसऱ्या परिशिष्टात आंतरराष्ट्रीय सहकार्याची गरज असलेल्या जाती समाविष्ट असतात. ऑलिव्ह रिडलेचा समावेश दोन्ही परिशिष्टांत आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये सदस्य देशांची तेरावी परिषद गांधीनगर येथे भरली आणि पुढील परिषदेपर्यंत अध्यक्षपद भारताकडे राहिले. फेब्रुवारी २०२४ मध्ये समरकंद येथील चौदाव्या परिषदेत जगातील स्थलांतरित प्राण्यांच्या स्थितीचा पहिला अहवाल सादर झाला. करारातील १,१८९ जातींपैकी ४४ टक्के जातींची संख्या घटत आहे आणि २२ टक्के जातींना नामशेष होण्याचा धोका आहे, असे त्यात नमूद केले आहे.

बॉन कराराच्या छत्राखाली हिंदी महासागर व आग्नेय आशियातील सागरी कासवांसाठी स्वतंत्र सामंजस्य करार १ सप्टेंबर २००१ पासून लागू झाला. भारताने त्यावर फेब्रुवारी २००७ मध्ये स्वाक्षरी केली. हा करार कायदेशीरदृष्ट्या बंधनकारक नाही. सदस्य देशांनी कासवांच्या मृत्यूची कारणे कमी करावीत, अधिवास जपावेत, माहितीची देवाणघेवाण करावी व अहवाल सादर करावेत, अशी त्याची रचना आहे.

या कराराची पार्श्वभूमी उद्बोधक आहे. अमेरिकेने १९८९ च्या कायद्यानुसार, जाळ्यात कासवांच्या सुटकेचे ‘टेड’ नावाचे साधन न वापरता पकडलेल्या कोळंबीच्या आयातीवर बंदी घातली. टेड म्हणजे ट्रॉल जाळ्यात बसविलेली तिरपी जाळी. कोळंबी गजांमधून मागे जाते आणि कासव वरच्या किंवा खालच्या वाटेने बाहेर पडते. या बंदीविरुद्ध भारत, मलेशिया, पाकिस्तान व थायलंड यांनी जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. अपील मंडळाने ऑक्टोबर १९९८ मध्ये असा निर्णय दिला की, कासव वाचविण्याचा हेतू वैध आहे, परंतु काही देशांशी वाटाघाटी करून इतरांशी न करणे हा पक्षपात आहे. निष्कर्ष स्पष्ट होता : एकतर्फी सक्ती नव्हे, तर आधी गांभीर्याने वाटाघाटी. त्यानंतरच्या वर्षांत हिंदी महासागर परिसरातील देश एकत्र बसले आणि वरील सामंजस्य करार आकारास आला.

तथापि सहकार्याचा अभाव शेवटी मच्छीमारासच भोवतो. टेडचा वापर अमेरिकेच्या निकषांनुसार होत नाही, या कारणाने त्या देशाने मे २०१९ पासून भारतातील समुद्रात पकडलेल्या कोळंबीची आयात थांबविली. तंत्र उपलब्ध असूनही ते बोटींपर्यंत वेळेवर न पोहोचल्याने कासवांचे जीव गेले आणि बाजारपेठही गेली. कासव विरुद्ध मच्छीमार अशी मांडणी किती अपुरी आहे, हे यावरून दिसून येते.

खुल्या समुद्रातील, म्हणजे कोणत्याही देशाच्या हद्दीबाहेरील जैवविविधतेसाठीचा नवा करार जून २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत संमत झाला व १७ जानेवारी २०२६ पासून अमलात आला. भारताने त्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये स्वाक्षरी केली आहे. आजवर कोणाचीच स्पष्ट जबाबदारी नसलेल्या क्षेत्रात यामुळे संरक्षित प्रदेश घोषित करण्याचा मार्ग खुला झाला आहे.

७. सुधारणेच्या दिशा

वरील विवेचनावरून काही सूचना करता येतात.

(अ) सामायिक नोंदवही : पालघर, वलसाड आणि दमण येथील वन व मत्स्यव्यवसाय विभागांनी किनाऱ्यास लागलेल्या कासवांची एकाच नमुन्यात नोंद ठेवावी. जात, आकार, दुखापत, जाळ्याचा प्रकार, दिनांक व ठिकाण एवढी माहितीही पुरेशी आहे. ही नोंद दरवर्षी राष्ट्रीय अहवालात समाविष्ट व्हावी, म्हणजे डहाणूच्या किनाऱ्यावरील निरीक्षण आंतरराष्ट्रीय करारापर्यंत पोहोचेल.

(आ) जाळ्यांवर खूण : संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१८ मध्ये मासेमारी साधनांवर ओळखखूण करण्याची ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली आहेत. जाळ्यावर खूण असल्यास ते कोठून आले हे कळते. खुणेचा हेतू दंड हा नसून हरवलेल्या जाळ्याची वर्दी देणे सोपे करणे हा असावा. जुनी जाळी बंदरावर परत घेण्याची सोय त्यासोबत हवी.

(इ) भरपाई वेळेवर मिळणे : विलंब झाल्यास मच्छीमाराचा विश्वास उडतो. शेजारच्या राज्यांतही समान स्वरूपाची योजना असल्यास हद्दीवरील मच्छीमारांना एकच नियम माहीत राहील.

(ई) मासेमारी बंदीनंतरचा काळ : पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ऑगस्टमध्ये समुद्र खवळलेला असतानाच बोटी पुन्हा निघतात. त्यामुळे या आठवड्यांत दोन्ही राज्यांनी गस्त, मदत क्रमांक व उपचार पथके यांचे संयुक्त नियोजन करावे.

(उ) मच्छीमारांचे प्रतिनिधित्व : निर्णय घेणाऱ्या समित्यांत मच्छीमार सहकारी संस्थांना स्थान असावे. समुद्रात कासव कोठे दिसते आणि जाळे कोठे तुटते, हे सर्वप्रथम त्यांनाच कळते.

८. निष्कर्ष

स्थलांतरित वन्यजीवांसाठी करारांची उणीव नाही. बॉन करार, कासवांचा सामंजस्य करार, वन्यजीव अधिनियम, कृती आराखडा ही सर्व साधने उपलब्ध आहेत. उणीव आहे ती त्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या दुव्यांची. डहाणूच्या केंद्रात येणारे प्रत्येक कासव हे समुद्रातील कुठल्या तरी व्यवस्थेच्या त्रुटीचा पुरावा असते. त्याच्या पायातून काढलेला दोरा टाकून न देता त्याची नोंद झाली, ती नोंद शेजारच्या राज्यापर्यंत गेली आणि तेथून धोरणात उतरली, तर उपचार केंद्र हे प्रशासनाला मार्ग दाखविणारे केंद्रही होऊ शकेल. हिरव्या कासवाची जागतिक स्थिती सुधारल्यामुळे ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यास ‘संकटग्रस्त’ श्रेणीतून बाहेर काढण्यात आले. अनेक देशांतील किनाऱ्यांवर कित्येक दशके चाललेल्या कामाचे ते फळ आहे. ऑलिव्ह रिडले अद्याप असुरक्षित श्रेणीत आहे. तिच्या बाबतीतही असे यश मिळवायचे असल्यास आंतरराष्ट्रीय सहकार्याचा आरंभ परिषदेच्या सभागृहाइतकाच झाई आणि उंबरगाव यांच्यामधील किनाऱ्यावर व्हावा लागेल.